उजवा पाय नाशिकला, डावा पाय गावाला

प्रिय मॅडम,

काल आम्ही गावाला आलो. येताना जीपमध्ये एक गंमत झाली, आणि ती सांगावी असं तुमच्याशिवाय दुसरं माणूसच नाय. भावेशच्या पप्पांना सांगितली. ते हसले आणि बैलांना पाणी पाजायला निघून गेले. त्यांना ती अर्धीच कळली. तुम्हाला पूर्ण कळली असती.

तुमच्या मागं हॉलमध्ये सगळे जमले, दोन-दोन शब्द बोलले, तेव्हा तुमच्या हाताखालच्या पूजाताईंनी मला पण उभं केलं होतं. मी उभी राहिले आणि तशीच खाली बसले. नंतर त्या म्हणाल्या, बोलता येत नाही तर लिही. मी म्हणलं, ताई, मी आश्रमशाळेत पाचवीपर्यंत गेलेली, माझं काय लिहिणं? तर म्हणाल्या, मॅडम काय शुद्धलेखन तपासणार आहेत का आता?

तर तपासू नका. मनातलं तेवढं घ्या.

मॅडम, मला लय भीती वाटती. आधी ते सांगून टाकते. पावसात भावेशच्या पप्पांचं बांधकामाचं काम बंद पडलं, आणि इकडं भाताच्या आवणीला, रोपं लावायला, हात कमी. म्हणून सुरगाण्याच्या पुढं आमच्या गावाला आलो. आता दसऱ्यापर्यंत इथंच. इथं तुमच्यासारखं कोणी नाय. पूजाताई नाय, चटई नाय, भिंतीची शिडी नाय. तेवढे दिवस भावेशचे पाय माझ्या एकटीच्या हातात. टाच खाली आणायची तीही मीच, आणि चुकलं तर चुकवणारी पण मीच.

तुमच्याकडं पहिल्यांदा आले तो दिवस आठवतो का? नाशिकला म्हसरूळमध्ये आमच्या खोलीशेजारच्या वहिनीनं सांगितलं होतं, मागच्या गल्लीत व्यायामाच्या मॅडम हायेत, औषध देत नाय, सुई देत नाय, नुसते हात लावतात. मला वाटलं मोठा दवाखाना असंल. आत आले तर एक पिकल्या केसांची बाई, बारीक कापलेले केस, पायात कॅनव्हासचे बूट, जमिनीवर मांडी घालून बसलेली, आणि एका आजोबांच्या गुडघ्याशी भांडण चाललेलं. म्हणजे आजोबांशी नाय, गुडघ्याशीच! "काल वाकत होतास, आज काय झालं रे तुला?" मी विचारलं, मॅडम कुठं हायेत? तुम्ही वर न बघताच म्हणाल्या, मॅडम खाली बसल्या आहेत, तू पण बस.

मग नाव विचारलं. मी म्हणलं, भावेशची आई.

"ते दिसतंय मला. तुझं नाव काय?"

नाशिकला आल्यापासून माझं नाव कोणी विचारलंच नव्हतं. मलाच जरा वेळ लागला. हिरा, म्हणलं.

तुम्ही भावेशचे तळपाय ओले केले आणि त्याला माझ्या हाताला धरून कोब्यावर चालवलं. त्या लाल कोब्यावर नुसती बोटं उमटली. टाच नाय. कुठंच नाय. गल्लीतल्या बाया त्याला नाचरा म्हणायच्या, मी पण हसायचे. त्या दिवशी ते बोटांचे ठसे बघितले आणि हसू गेलं.

तुम्ही मला समजंल असं सांगितलं. जन्मला तेव्हा उशिरा रडला, त्यात डोक्याला जरा दुखापत झाली, आता डोकं पायाला निरोप पाठवतं तो चुकीचा जातो, पिंढरी आखडून बसती. हाड वाढत जाणार, पण टाचेच्या मागची दोरी वाढणार नाही, ती आपण रोज ओढून लांब करायची. मी विचारलं, नाय केली तर? तुम्ही लपवलं नाय. "नाही केली तर पुढं कापून लांब करावी लागेल." ते 'कापून' माझ्या डोक्यात बसलं ते अजून निघालं नाय.

आणि मग तुम्ही त्याचा पाय माझ्या हातात दिला. मी हात मागं घेतला. आठवतं? हे हात गवत कापायचे, लाकडं फोडायचे. एवढ्याशा पायाला मोडून ठेवतील, म्हणलं. तुम्ही काय केलं, स्वतःची चप्पल... नाय, बूट काढला, मोजा काढला, आणि स्वतःचा पाय माझ्या मांडीवर ठेवला. मोठ्या बाईचा पाय, डॉक्टरचा! मला तर काय करावं समजेना. म्हणाल्या, आधी माझा ओढ. मोडला तर माझा मोडेल. तुमची पिंढरी अशी घट्ट, दगडासारखी. सायकलची, म्हणाल्या. मी ओढली तर तुम्ही डोळे मिटून म्हणाल्या, अजून, अजून, बास, इथं थांब. इथं ओढल्यासारखं वाटतंय, ते चांगलं. टोचल्यासारखं वाटलं की सोडायचं. ओढलेलं चांगलं, टोचलेलं वाईट. हे दोन शब्द तुम्ही सगळ्यांनाच शिकवले. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले कंबरेचे काका होते ना, ते पण आल्या आल्या म्हणायचे, मॅडम, आज नुसतं ओढतंय!

पण खरी पंचाईत पुढंच होती. तुम्ही म्हणाल्या, टाच अशी धरून तीसपर्यंत मोज. भावेश रडायला लागला की माझं वीसच्या पुढं सगळं एकात एक जायचं. सत्तावीस आधी का अठ्ठावीस, एकोणतीस कुठून आलं, आणि त्याचं तोंड लाल झालेलं. घाबरून मी मधले आकडे गिळायचे आणि पाय सोडून द्यायचे. तुम्ही विचारलं, आकडे सोड, तुला न चुकता काय येतं? गाणं येतं? नाय. देवाचं काही? ते पण मधेच विसरते. मग तुम्ही म्हणाल्या, बरं, गावाला कशी जातेस?

जीपनं, म्हणलं.

"जीप कुठं कुठं थांबते?"

मी सांगायला लागले. सुरगाणा, बोरगाव, मग घाट, मग वणी, लखमापूर फाटा, दिंडोरी, ढकांबे, आशेवाडी, म्हसरूळ. एक पण चुकलं नाय. तुम्ही टाळीच वाजवली. झालं, म्हणाल्या, आजपासून भावेशचा उजवा पाय गावाहून नाशिकला येणार आणि डावा पाय नाशिकहून गावाला जाणार. मी म्हणलं, दोन्ही नाशिकला आले तर? "मग परत कोण जाणार? एक पाय इकडं आणि एक तिकडं, चालेल का पोराला?" त्या दिवशी तुमच्या त्या खोलीत मी पहिल्यांदा हसले असेन.

तरी मी पळवायचेच. तो रडायला लागला की सुरगाणाबोरगाववणीदिंडोरी करून मोकळी. तुम्ही तिकडून, कोणाच्या तरी खांद्याला धरलेलं असायचं, तिथूनच ओरडायच्या, हिरा, ही जीप आहे की विमान? एक माणूस चढलं नाही, एक उतरलं नाही! प्रत्येक थांब्याला दार उघडायचं, म्हणायच्या. ज्याला उतरायचं त्याला उतरू दे, नवीन माणसाला बसू दे, मग गाडी हलव. आणि घाट विसरू नको, घाटात गाडी हळू चालते.

घाट तुम्हाला माहीत होता, कारण तुम्ही तो सायकलवर चढलेल्या. मला खरंच वाटेना आधी. ह्या वयात बाई वणीच्या पुढं घाटात सायकल घेऊन? तुम्ही म्हणाल्या, चढवली अर्धा घाट, उरलेला ढकलली, ढकलायला लाज कसली. रोज पहाटे तुम्ही आशेवाडीला, रामशेज किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत सायकलवर जायच्या आणि येऊन आमचे पाय धरायच्या. रविवारी डोंगर. लिफ्ट असली तरी जिना. पूजाताई सांगायच्या, मॅडम फोनवर बोलताना पण एका पायावर उभ्या असतात.

एकदा तुम्ही सांगितलं होतं, शिकायला गेल्या तेव्हा तुमच्या घरात कोणाला हे काम काय ते कळलंच नव्हतं. तुमची आजी पाहुण्यांना सांगायची, आमची पोरगी मालिशचं कॉलेज करती. तुम्ही ते सांगताना हसायच्या. मोठ्या दवाखान्यात इतकी वर्षं काढली, म्हणाल्या, ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरला लोक पेढे देतात, आणि मला शिव्या, कारण मी त्यांना उठवते. मग ते चालायला लागतात आणि मला विसरतात. मी विचारलं, वाईट वाटत नाय? "अगं, विसरले म्हणजे बरे झाले. पायाची आठवण दुखल्यावरच येते."

आता मला तुमच्यावर जरा रागवायचं हाय. रागवू का?

तुम्ही म्हणाल्या होत्या, आवणीच्या वेळेला सायकलवर तुझ्या गावाला येईन, नागलीची भाकरी करून घाल. मी सासूला पण, एक पाहुणी येणार, एवढं सांगून ठेवलेलं. आणि तुम्ही आशेवाडीच्या पुढं गेल्याच नाय. सकाळी फिरायला जाणाऱ्या लोकांना दिसल्या. सायकल झाडाला नीट टेकवलेली, बूट काढून शेजारी ठेवलेले, आणि तुम्ही बुंध्याला पाठ लावून बसलेल्या. झोपल्यासारख्या. हृदयाचं होतं म्हणे. पूजाताई रडत रडत सांगत होत्या, आदल्या दिवशी मॅडम छाती चोळत होत्या, मी विचारलं तर म्हणाल्या, काही नाही गं, ओढल्यासारखं आहे, काल चढ जास्त झाला.

ओढल्यासारखं! मॅडम, आम्हाला सगळ्यांना कुठं दुखतंय, कसं दुखतंय, खोदून खोदून विचारायच्या. तुम्हाला कोणी विचारलं, आणि तुम्ही काय सांगितलं? ओढलेलं चांगलं म्हणून पुढं गेल्या. एकदा तरी टोचतंय म्हणायचं होतं की. आम्ही सगळे होतो ना.

झालं. रागवून झालं.

हॉलमधली एक गोष्ट पण सांगते, तुम्हाला आवडंल. सगळ्यांनी उभं राहून शांत राहायचं होतं तुमच्यासाठी. सगळे हात जोडून, खाली माना घालून. आणि पुढच्या ओळीत एकलहऱ्याचे काका, डोळे मिटलेले, हळूच टाचा वर, टाचा खाली. तुम्हीच लावलेली सवय, नुसतं उभं राहायचं नाही म्हणून. त्यांचं बघून शेजारच्या आजी. मग मागच्या रांगेत पण. थोड्या वेळानं बघते तर अर्धा हॉल टाचा वर-खाली करतोय, कोणाच्या लक्षात पण नाय. रडता रडता मला हसू आलं.

त्या दिवसापासून मी एक करती. कोणाला सांगितलं नाय. भावेशचा पाय धरला की ढकांब्यावरून सरळ म्हसरूळ. आशेवाडीला मी गाडी थांबवत नाय. नाव तोंडात येतं, पण बाहेर निघत नाय. तिथं थांबले तर तुम्ही त्या झाडाखाली दिसणार, मग पोराचा पाय कोण धरणार? उलटा जाणारा डावा पाय पण तसाच, म्हसरूळहून उडी मारून ढकांब्याला.

आता जीपमधली गंमत.

काल नाशिकच्या दिंडोरी नाक्यावर जीपमध्ये बसलो. गच्च भरलेली. भावेश माझ्या मांडीवर, शेजारी एक बाबा, त्यांच्या पायाशी आंब्याच्या कलमांची पाटी. म्हसरूळ गेलं तेव्हा भावेश झोपलेला. आशेवाडीला मी खाली मान घातली, डोंगराकडं बघितलं नाय. ढकांबे झालं, आणि मग ड्रायव्हरनं मागं वळून विचारलं, दिंडोरीला कोण कोण उतरणार? भावेशनं डोळे उघडले. आणि मॅडम, त्यानं पाय उचलला आणि सरळ त्या बाबांच्या मांडीवर ठेवला!

बाबा म्हणाले, "काय सायेब, दाबून देऊ काय?" सगळी जीप हसली. मी लाजून पाय खाली घेतला. लखमापूर फाटा आला, ड्रायव्हर पुन्हा ओरडला, पुन्हा ह्याचा पाय बाबांच्या मांडीवर. आता तर स्वतःच पंजा वर खेचतोय, डोळे माझ्याकडं, की आई धर ना. मी सगळं सांगितलं बाबांना, हे असं असं हाय, गावांची नावं आली की ह्याचा व्यायाम असतो. ते म्हणाले, मग धरतो की, वणी येऊ दे. आणि त्यांनी कलमं लावणाऱ्या त्या हातांनी टाच धरून ठेवली, वणी येईपर्यंत. भावेश रडला पण नाय. वणी आली तर त्यानंच सांगितलं, "वनी!"

आणि आता ऐका, जे भावेशच्या पप्पांना कळलं नाय ते. पाय कोणता होता?

डावा. दोन्ही वेळा डावा.

जीप गावाला चाललेली ना. आधी दिंडोरी, मग लखमापूर, मग वणी. गावाला जाणारा पाय डावा. मी त्याला काय सांगितलं नाय, मॅडम. आम्ही समजतो त्याला काय कळत नाय, आणि त्याला रस्ता कळतोय!

आज सकाळी मी ओट्यावर घोंगडी टाकली आणि त्याला झोपवलं. खरं सांगते, ह्याचीच भीती होती. सासूला मी आत्या म्हणते. आत्यानं हे कधी बघितलेलं नाय. ती तेल लावती, शेकती, आणि पोरगं रडलं की उचलून घेती. मी उजवी टाच धरली, गुडघा दाबला, सुरगाणा म्हणलं. भावेश नवीन जागेत बावरलेला, मोठ्यानं रडायला लागला. आत्या भाताची रोपं टाकून चिखलाच्या हातानं धावत आली.

"काय गं, पोऱ्याचा पाय उपटायला आणलास काय गावाला?"

मी म्हणलं, आत्या, ओढती, उपटत नाय. ती म्हणाली, सोड त्याला. मॅडम, तुम्ही असत्या तर खाली बसून तिचा पण पाय ओढला असता. मला ते जमलं नाय. पण पाय सोडला नाय. म्हणलं, नाशिक येऊ दे, मग सोडते, आणि पुढं बोलत राहिले. बोरगाव. दार उघडलं, माणसं उतरली, चढली. घाटात हळू. वणी. आत्या उचलायला वाकलेली, ती तशीच थांबली. लखमापूर फाटा. ती ऐकायला लागली. तुम्हाला माहीत नसंल, आत्या माझ्या वयाची होती तेव्हापासून दरसाल द्राक्षांच्या कामाला ह्याच रस्त्यानं जायची. दिंडोरी. ढकांबे. म्हसरूळ.

"म्हसरूळ कशी?" आत्या म्हणाली. "आशेवाडी राहिली की."

पाय धरलेलाच होता.

"ढकांब्याच्या पुढं आशेवाडी, मग म्हसरूळ. तिथं सावली लय चांगली. आम्ही बाया तिथंच टेकायचो, भाकर खायचो. तिथं न थांबता जाती व्हय कुठली गाडी?"

तिला काय माहीत नव्हतं, मॅडम. तुमच्या सायकलचं नाय, झाडाचं नाय, काहीच नाय. ती ओट्यावर बसली, चिखलाचा हात लुगड्याला पुसला आणि भावेशच्या गुडघ्यावर ठेवला, मी ठेवती तसाच. म्हणाली, "हं, म्हण आता. आशेवाडी."

मी म्हणलं. आशेवाडी. आणि थांबले. दार उघडलं. तुम्ही उतरल्या. बूट हातात घेऊन, सावलीकडं गेल्या. मी घाई केली नाय. तेवढा वेळ टाच माझ्या हातात होती, आणि ती जरा, अगदी जराशी, खाली आली. ओढल्यासारखी. मग म्हसरूळ म्हणलं आणि सोडलं. भावेश कधीच रडायचा थांबलेला, आत्याच्या बांगड्यांशी खेळत होता. आत्यानं विचारलं, झालं? मी म्हणलं, हा एक नाशिकला पोचला, आता दुसऱ्याला गावाला आणायचंय. ती म्हणाली, मग आण लवकर, रोपं सुकतील माझी. आणि उठली नाय, बसूनच राहिली.

दुपारी तो अंगणात माझा हात धरून चिखलातून चालला. मागं वळून ठसे बघितले. बोटंच हायेत अजून. डाव्या पायाच्या एका ठशामागं थोडं दबल्यासारखं वाटलं, पण ती टाच होती का कोंबडीनं उकरलेलं, मला सांगता येणार नाय. तुम्ही असत्या तर गुडघ्यावर बसून बघितलं असतं.

भीती गेली नाय, मॅडम. खोटं कशाला बोलू. पण शब्द देते. दसऱ्यापर्यंत रोज सकाळी दोन्ही पायांची गाडी निघंल, रडला तरी निघंल. पळवणार नाय, घाटात हळू घेईन, टोचलं की सोडीन. आणि आशेवाडीला रोज थांबीन. तुम्हाला उतरू देईन, मग पुढं जाईन. नागलीची पहिली भाकरी तव्यावरून निघाली की एक तुकडा तुमच्या नावानं बाजूला काढीन, आत्या विचारंल कोणाचा, तेव्हा तिला सगळं सांगीन.

तुमचीच,
हिरा